ओढ्यापलीकडची पोरं

माझे वडील खोटं बोलत नसत. आमच्या गावात कुणालाही विचारा, पहिलं हेच सांगतील, आणि सांगताना हात जोडतील. मी जोडत नाही. मी त्यांची शेंडेफळ, त्यांच्या खरेपणापायी काय गेलं ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

निपाणीपासून दोन कोसांवर आमचं गाव. तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, अंमल इंग्रजांचा. गावाच्या कडेनं एक ओढा, आणि ओढ्यापलीकडं कोल्हापूर संस्थान. हे मी आता सांगते. लहानपणी मला एवढंच माहीत होतं, की ओढ्यापलीकडं माझं आजोळ. पावसाळा सोडला तर ओढ्याला घोट्याएवढं पाणी. मामीकडं ताक जास्त झालं की ती तांब्याभर आमच्याकडं पाठवून द्यायची आणि आई त्याच तांब्यातनं मेथी नाहीतर पावटं परत धाडायची. हद्द कसली नि काय.

वडिलांना घरात आम्ही आप्पा म्हणायचो, गाव मास्तर म्हणायचं. जन्मभर लोकल बोर्डाच्या शाळांतनं मास्तरकी करून ते पेन्शनीत निघाले आणि गावी येऊन बसले. बसले म्हणायचं आपलं. सकाळी तोंड धुवायच्या आत सोप्यात माणूस हजर. कुणाचा पलटणीतल्या पोराला कागद लिहायचा, कुणाचा मामलेदाराला अर्ज, कुणाची भावाभावात बांधावरनं जुंपलेली. हिवताप आला की निपाणीच्या दवाखान्यातनं कोयनेलच्या पुड्या आणायला आप्पाच जायचे, तेही चालत. थोरल्या चुलत्यांच्या मागं त्यांची दोन पोरं आप्पांनीच वाढवली आणि कोल्हापूरच्या बोर्डिंगात ठेवून शिकवली. चांगलं केलं, नको होतं असं मी म्हणत नाही. पण लोक माझ्या तोंडावर 'मास्तर म्हंजे देवमाणूस' म्हणायचे तेव्हा देवमाणसाच्या घरात चूल कोण फुंकतं आणि सोप्यातल्या प्रत्येकाला पाण्याचा तांब्या कोण देतं, हे कुणी विचारलं नाही.

आम्ही जैन, शेतीवाले. एका चातुर्मासात गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, एक मुनीमहाराज उतरले होते, तेव्हा आप्पांनी त्यांच्यापुढं नेम घेतला. आमच्यात असे नेम घेतात. कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ सोडतं. आप्पांनी खोटं बोलणं सोडलं. आई म्हणायची, "गूळ सोडला असता तर घरात चार खडे तरी उरले असते."

शाळा त्याच बस्तीच्या धर्मशाळेत भरायची. एक मास्तर, चौथीपर्यंत वर्ग. मी चौथीत होते, दहा-अकरा वर्षांची. पुढं शिकायचं तर दुसऱ्या गावी जायला हवं, आणि एकटी पोरगी शिवारातनं तेवढं चालत जाणार हे आईला मरेपर्यंत मान्य झालं नसतं. पण आप्पांनी बोर्डाकडं खटपट चालवली होती. वरचे वर्ग ते स्वतः बिनपगारी शिकवायला तयार होते, बोर्डानं फक्त मान्यता द्यायची. म्हणजे मी गावातच सातवीपर्यंत जाणार, फायनलच्या परीक्षेला बसणार आणि मास्तरीण होणार. निपाणीला मुलींच्या शाळेतल्या एक मास्तरीणबाई मी बाजारात पाहिल्या होत्या. छत्री घेऊन रस्त्यानं एकट्या चालल्या होत्या. मागं नाही पुढं नाही, एकट्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

बोर्डाचं म्हणणं एकच, की या गावात पोरं शाळेत येत नाहीत. पटावर नावं पंचवीस आणि समोर बसलेली नऊ-दहा. मागच्या तपासणीला डिप्टीसाहेबांनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला वर्ग भरलेला दिसला तर वरची इयत्ता देतो, नाहीतर आहे ती शाळाही उचलतो. आणि पुढची खेप आली ती नेमकी तंबाखूचे फुटवे काढायच्या दिवसांत. त्या दिवसांत आमच्या गावात पोर रिकामं दिसत नाही. रोपाच्या बगलेतले फुटवे खुडायला लहान बोटं लागतात, संध्याकाळी घरी येतात तेव्हा हात चिकानं काळेमिट्ट झालेले असतात.

आप्पा आठवडाभर घरोघर फिरले. मीही त्यांच्या मागनं असायचे. "एक दिवस पोरं पाठवा. एकच दिवस," म्हणायचे. पाटील म्हणाले, "धाडतो की मास्तर. तुम्ही सांगायचं आन् आमी न्हाय म्हणायचं?" शेजारचे अण्णा म्हणाले, "ह्ये काय सांगायला यायला पायजे व्हय? येत्यात पोरं." सगळ्या घरी असंच. तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आमच्या गावची रीत. आप्पांचा त्यावर विश्वास बसला. स्वतः खोटं बोलत नाहीत म्हणून त्यांना वाटायचं, दुसराही बोलत नसेल. माझा बसला नाही, कारण मी विहिरीवर बायकांचं ऐकलं होतं. "शाळंत धाडली तर फुटवं काय मास्तर काढनार?" म्हणून हसत होत्या.

तेव्हा मी माझं ठरवलं. तपासणीच्या दिवशी ओढ्यापलीकडच्या शाळेला सुट्टी होती. कोल्हापूरच्या राजवाड्यात काही मंगलकार्य होतं, कसलं ते आता आठवत नाही. मी रोज दिवस मावळायच्या आत आजोळी जायचे आणि मामाच्या खळ्यावर मामेभावंडं आणि त्यांचे सोबती गोळा करायचे. अकरा पोरं. भाजक्या शेंगा आणि गुळाच्या बोलीवर तयार झाली. प्रत्येकाला आमच्या गावच्या एकेका पोराचं नाव दिलं, हजेरीत ते नाव आलं की ओ द्यायची. पाटलाच्या लेकाच्या जागी माझा मामेभाऊ. पाढे त्यांना येत होते. बाकीचं मी पढवलं. गावात विहिरी किती, बस्तीला पायऱ्या किती, धर्मशाळेपुढं कसलं झाड आहे, सगळं घोटून घेतलं. सात दिवस. मामी हसायची. म्हणायची, "ने गं बाई, पर दुपारच्या आत परत आण. नायतर तुझा मामा मला इचारंल."

आप्पांना मी काही बोलले नाही. मला वाटलं, त्यांना माहीतच नसलं तर त्यांच्या नेमाला काय धक्का लागणार?

तपासणीच्या दिवशी उजाडताच गाव रानात गेलं, पोरांसकट; शाळेत आलो ते आम्ही नेहमीचे नऊजण. पाटलांचा लेक तर बापाच्या पुढं बैलगाडीत बसून गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मी ओढ्यातनं अकरा पोरं आणून धर्मशाळेत बसवली. शाळेचे मास्तर नवीन होते, जवान होते. त्यांनी वर्गाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खडूनं फळ्यावर तारीख लिहायला लागले.

डिप्टीसाहेब टांग्यातनं आले. आप्पा काळा कोट घालून, पटका बांधून त्यांना घेऊन आत आले आणि बाजूच्या खुर्चीवर बसले. बसताना त्यांनी एकवार वर्गावरनं नजर फिरवली. बायकोच्या भावाची पोरं त्यांना ओळखू येणार नाहीत होय? त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. काही बोलले नाहीत. सांगते तुम्हाला, तेवढ्या वेळात मला आप्पा जितके आवडले तितके पुन्हा कधी आवडले नाहीत.

हजेरी झाली, सगळ्यांनी ओ दिली. साहेबांनी एकाला वाचायला लावलं, एकाला गणित घातलं. एकीला बस्तीच्या पायऱ्याही विचारल्या, तिनं खाडकन सांगितल्या. साहेब खूश दिसले. उन्हं वर आली होती, त्यांना निपाणीला जेवायला पोचायचं होतं. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "आपला जिल्हा कोणता?"

आमची नऊ पोरं म्हणाली बेळगाव. ओढ्यापलीकडची अकरा म्हणाली कोल्हापूर.

साहेब पुन्हा खाली बसले. म्हणाले, "बरं, आपले राजे कोण?" आमच्यातलं कुणी काही बोलायच्या आत त्या अकराजणांनी उभं राहून, हात जोडून महाराजांचा जयजयकार केला. आदल्या दिवशी त्यांच्या शाळेत साखर वाटून त्यांच्याकडनं तो घोटून घेतला होता. मामेभाऊ तर इतक्या जोरात ओरडला की बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला.

हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. पायऱ्या मोजून घेतल्या, विहिरी मोजून घेतल्या, आणि ओढा ओलांडला की राज्य बदलतं हे मला सुचलं नाही. आजोळच्या वाटेवर राजा बदलतो हे कुणाला सुचतं? गावातल्या थोरांनाही सुचलं नसतं. पण चूक माझी होती, आणि ती चूक मला अजून टोचते.

डिप्टीसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं, वर्गाकडं पाहिलं आणि त्यांना हसू आलं. मग आप्पांकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही जुने आहात. ही सगळी पोरं याच शाळेची ना? तुम्ही हो म्हणा, मी शेरा लिहून टाकतो."

एक शब्द. हो. मान हलवली असती तरी चाललं असतं. त्या माणसानं दार उघडून धरलं होतं, आत पाऊल टाकायचं तेवढं आप्पांनी. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आयुष्यात कुणाकडं इतकं मागितलं नाही मी.

आप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, "नाही साहेब. अकरा पोरं ओढ्यापलीकडची आहेत. माझ्या मुलीनं आणलीत."

माझ्या मुलीनं. एवढं तरी गाळायचं होतं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मग त्यांनी पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत बसले. दोन महिन्यांत हुकूम आला, शाळा बंद. नव्या मास्तरांची बदली अथणीकडं कुठंतरी झाली. धर्मशाळेत, शाळेआधी असायची तशी, पाटलांच्या तंबाखूची पोत्यात बांधलेली बोदं पडली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आप्पांना म्हटलं, "गप बसायचं होतंत."

"गप बसलो होतो की," ते म्हणाले. "पण विचारल्यावर सांगावं लागतं, बाळ."

"मग नेम मोडला असता तर काय झालं असतं? आभाळ पडलं असतं?"

आईनं माझ्या थोबाडीत मारली. आप्पांनी पटका काढून खुंटीला लावला. त्यांना राग यायचा नाही. आला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आणि गाव? गाव म्हणालं, मास्तरनं शाळा घालवली. पोरं रानात नेली त्यांनीच म्हटलं. पाटील पारावर बसून बोलले, "सायब सोडत हुता, मास्तरला कुठं अक्कल?" आणि दुसऱ्या दिवशी तेच पाटील सोप्यात येऊन बसले, मामलेदाराला अर्ज लिहून पाहिजे म्हणून. आप्पांनी लिहून दिला. पाण्याचा तांब्या मी दिला. तांब्यात थुंकावं असं वाटलं होतं, ते केलं नाही याचा आता पस्तावा होतो.

आप्पा म्हणाले, तुला मी घरी शिकवतो. शिकवलंही. पाचवी ते सातवीची पुस्तकं आणली, दुपारी जेवणानंतर मला घेऊन बसायचे. आणि शिकवायला लागले की माणसानं भान विसरावं असं शिकवायचे, ते मी नाकारत नाही. पण दहा ओळी झाल्या की बाहेरनं हाक यायचीच, "मास्तर, हायसा का?" आप्पा पुस्तकात काडी घालून उठायचे. "आलो गं," म्हणायचे. आले की दिवस मावळतीला आलेला. आमच्यात दिवे लागायच्या आत जेवणं उरकतात, म्हणजे मग मला चुलीपुढं जायचं. ती काडी एकाच पानात चार-चार दिवस असायची. फायनलला बाहेरनंही बसता यायचं, चिकोडीला फॉर्म नेऊन द्यायचा. एका साली चुलतभावाचं लग्न निघालं, दुसऱ्या साली गावात तापाची साथ आली आणि आप्पा कोयनेल वाटत फिरले. फॉर्मची तारीख दोन्ही वेळा निघून गेली. "पुढच्या साली नक्की," म्हणाले. गावाच्या कुणाच्या अर्जाची तारीख त्यांनी कधी चुकवली नव्हती.

अठरावं लागलं तेव्हा मला बघायला बेळगावहून, अनगोळातनं माणसं आली. मुलगा कचेरीत कारकून, घर सुधारलेलं. मुलाचे वडील, मुलाची थोरली बहीण आणि एक मामा. आईनं शिरा केला होता. मी पाट मांडले, खाली बघून बसले. मुलाची बहीण चांगली वाटली मला. ती म्हणाली, "आमच्याकडं शिकलेलीच पाहिजे. मी स्वतः ट्रेनिंग केलंय, शाळेत शिकवते. फायनल झालेली असली तर हिलाही ट्रेनिंगला घालू." आणि आप्पांना विचारलं, "फायनल झालीय ना हिची?"

तीच छत्री माझ्यासमोर येऊन बसली होती. मी मान वर करून आप्पांकडं पाहिलं. पटका जरा सरकला होता त्यांचा. ते म्हणाले, "झालीय."

जन्मात पहिल्यांदा. मुनींपुढं घेतलेला नेम, डिप्टीसाहेबांपुढं न मोडलेला नेम, तो माझ्या लग्नासाठी मोडला. आणि तोही कसा? ट्रेनिंगला जायचं तर फायनलचा दाखला लागतो, तो कुठनं आणणार होते? खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, खोटं कुठं टिकतं कुठं टिकत नाही हेही त्याला कळेना. पण तेव्हा मला त्यांची कीव आली नाही. मला एवढंच दिसलं, की शाळा हवी होती तेव्हा यांच्या तोंडातनं निघाला नाही तो शब्द नवरा बघताना निघाला.

मी म्हटलं, "चौथी झालीय माझी. पुढं शाळा बंद झाली. आप्पा तेव्हा खरं बोलले, म्हणून."

मुलाच्या वडिलांनी शिऱ्याची बशी खाली ठेवली. मुलाच्या बहिणीनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, तिला वाईट वाटलं असावं. मुलाचा मामा म्हणाला, "असूं दे, असूं दे, कळवतो आम्ही." शिरा अर्धा तसाच राहिला. कळवायला कुणी कळवलं नाही, आणि त्यांनी तरी काय कळवायचं? ज्या घरात बाप खोटं बोलतो आणि पोरगी चारचौघांत त्याला उघडं पाडते, त्या घरातली सून कोण करून घेतं?

आई आत जाऊन कपाळ बडवत बसली. गाडी वेशीबाहेर गेली तरी आप्पा जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास धरला, नेम मोडल्याबद्दल. पाणीसुद्धा नाही. मीही त्यांच्याशी बोलले नाही. दुपारी ते भिंतीला टेकून बसले होते आणि मी दारात शेंगा फोडत होते.

"बोलायचंच होतं खोटं तर त्या दिवशी बोलायचं होतंत," मी म्हटलं. "सात वर्षं उशीर केलात."

मला वाटलं, विचारल्यावर सांगावं लागतं वगैरे काहीतरी म्हणतील. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. चुकलं माझं."

सात वर्षं मी या शब्दाची वाट बघत होते. ऐकल्यावर जीव थंड व्हायला हवा होता. उलट जास्तच भडकला, कारण आता भांडायलाही काही उरलं नाही. मी शेंगांचं सूप बाजूला सारलं, फडताळातनं सातवीचं पुस्तक काढलं आणि त्यांच्यापुढं आपटलं. काडी कित्येक दिवसांची त्याच पानात होती. आप्पांनी चष्मा पुसला आणि काडी काढली.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. पाटीलच होते, हातात सुरळी केलेला कागद. "मास्तर हायत का गं?"

मी उठून दारात उभी राहिले, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना हात टेकून. आप्पा माझ्या पाठीमागं चार हातांवर बसले होते, सगळं ऐकत होते.

"न्हाईत," मी म्हटलं. "निपाणीला गेल्यात. दिवस मावळल्याशिवाय येणार न्हाईत."

पाटील जरा घुटमळले आणि गेले. मी वळले. आप्पांनी मान वर केली नाही. उपाशी होते, ओठ सुकले होते, बोट पहिल्या ओळीखाली ठेवून ते माझी वाट बघत होते.